स्मार्ट नेटवर्क कार्डावर रेप्लिकेशन (डेटाच्या प्रती काढणं) टाकावं का? (बजेट ६० हजार, सगळं धरून)

तीनपायी
नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीचे सर्व्हर बघतो. तीन टॉवर डबे, प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) सेफ (Ceph, डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर), डेटाच्या तीन प्रती. नेटवर्क १० गिगाबिट, प्रत्येक डब्यात दोन साध्या एनव्हीएमई एसएसडी. डेटाबेस कमिट करताना (नोंद पक्की करताना) रखडतो आणि गर्दीच्या वेळी सीपीयू नुसता प्रती पाठवण्यात दमतो. वाचनात आलं की ही हमाली थेट स्मार्ट, म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेल्या नेटवर्क कार्डावर टाकता येते. सेकंडहँड ब्लूफील्ड-२ (एनव्हिडियाचं असं कार्ड) घ्यावं का? बजेट तिन्ही डब्यांचं मिळून ६० हजार. त्यावर साहेब सही करणार नाहीत.

केबलकाका
६० हजारांत काय होतंय! आमच्याकडे ब्लूफील्ड-३ आहेत. ४०० गिगाबिट, १६ आर्म कोर. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं.

पळसाला_पाने_तीन
काका, बजेट वाचलंत का?

रात्रपाळी
माझा अनुभव. सेकंडहँड स्मार्ट कार्ड घेतलं (कुठलं ते सांगत नाही), घरच्या कॅबिनेटमध्ये बसवलं. बहुतेक अशा कार्डांना स्वतःचा पंखा नसतो, रॅक सर्व्हरचा वारा गृहीत धरलेला असतो. अर्ध्या तासात इतकं तापलं की लिंक पडायला लागली. शेवटी कॅबिनेट उघडं ठेवून समोर टेबलफॅन. बायको म्हणाली, माणसं घामाघूम आणि कार्डाला वारा. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं ते वेगळंच.

पॅकेट_पाटील
आधी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० बाइट करा. फुकटात होतं.

पळसाला_पाने_तीन
आणि स्विचचा एखादा पोर्ट १५०० वर राहिला की बघा मजा. आमच्याकडे पिंग छान जात होतं, मोठे पॅकेट मात्र गायब. दोन दिवस सगळे डिस्कला शिव्या देत होते.

पॅकेट_पाटील
ती तुमची चूक. एमटीयूची नव्हे.

शून्याधारित
जरा लांब लिहिते. सेफमध्ये क्लायंट मुख्य ओएसडीला (डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) लिहितो, तो उरलेल्या दोघांकडे प्रत पाठवतो आणि तिघांचं लिहून झाल्याशिवाय क्लायंटला पावती मिळत नाही. म्हणजे तुमचं कमिट सगळ्यांत मंद डिस्कच्या चालीने चालतं.

कार्डावर प्रती काढण्याचं काम गाजलं ते २०१८ च्या हायपरलूप पेपरमुळे. ९९व्या पर्सेंटाइलचा उशीर (शंभरातल्या सर्वांत मंद एकाचा) सुमारे ८०० पट कमी झाला, हे खरं आहे. पण कुठे? एका सर्व्हरवर भाडेकरूंची (तोच सर्व्हर वाटून वापरणाऱ्या ग्राहकांची) झुंबड, प्रत घेणाऱ्या प्रोसेसचा सीपीयूवर नंबरच लागत नाही, अशा ठिकाणी. तिथे कार्डानेच साखळीतल्या पुढच्या मशीनला डेटा परस्पर ढकलला. तुमच्याकडे अशी झुंबड आहे का? शिवाय हे सगळं वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीवर भिस्त ठेवून होतं आणि इंटेलने ऑप्टेन ही तशी मेमरी २०२२ मध्येच गुंडाळायला घेतलं. २०२१ चं लाइनएफएस ब्लूफील्डवर केलं होतं, पण ती वेगळीच फाइलसिस्टीम. सेफमध्ये टिक मारली की प्रती कार्डावर गेल्या, असं बटण नाही. कोड तुम्हालाच लिहावा लागेल. ब्लूफील्ड-२ वर ८ ए७२ कोर असतात, अख्खं ओएसडी त्यांवर चढवलंत तर काम हलकं होण्याऐवजी रेंगाळेल.

आणखी एक. आरडीएमए राइटची (पलीकडच्या सीपीयूला न विचारता थेट त्याच्या मेमरीत लिहिण्याची) पावती म्हणजे डेटा पलीकडच्या मशीनपर्यंत पोचला एवढंच. डिस्कवर टेकला असं नाही. कमिटला ती चालत नाही.

माझा संशय एसएसडीवर. साध्या एनव्हीएमईत वीज गेल्यावर आतला कॅश वाचवणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक सिंकला (डेटा डिस्कवर पक्का टेकवायला) फ्लॅशपर्यंत जावं लागतं. फियोने (डिस्कचा वेग मोजायचं साधन) ४ केबीचं एकेरी सिंक राइट मोजा. रिकाम्या डिस्कवर! सेकंदाला काही शे राइटवर अडकलं तर कार्ड विसरा.

अर्धविराम
+१. एसएसडी बदला. मी हेच लिहिणार होतो.

केबलकाका
मग अॅमेझॉन स्वतःच्या नायट्रो कार्डांवर स्टोरेज आणि नेटवर्क उगाच ढकलतं का? २०१५ मध्ये अन्नपूर्णा लॅब्ज ही चिप कंपनी विकत घेतली ती काय पोळ्या लाटायला?

शून्याधारित
काका, त्यांचं सिलिकॉन त्यांचं, सॉफ्टवेअरही त्यांचंच. इथे भोसरीत एकटा माणूस आहे.

वहीखाते
रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून टेबल उडवलं तर तिन्ही प्रतींतून एकदमच उडतं.

पळसाला_पाने_तीन
विचारलंय कोणी?

अर्धविराम
बॅकअपचा मुद्दा बरोबर आहे पण. आणि एसएसडी बदला.

तीनपायी
सर्वांचे आभार. एक सुटी डिस्क काढून मोजलं. सेकंदाला ४१० राइट. शून्याधारित ताई, दंडवत. बायोसमध्ये सी-स्टेटही (सीपीयूच्या डुलक्या) बंद करून पाहिले, थोडा फरक पडला.

कपॅसिटरवाल्या एसएसडीचं कोटेशन साहेबांकडे नेलं. "डिस्का दीड वर्षापूर्वीच घेतल्या ना?" म्हणून परत आलं. कार्डाच्या कागदावर मात्र "स्मार्ट" शब्द वाचला आणि लगेच सही केली. दोनच बसली बजेटात. तिसऱ्या डब्याचं पुढच्या वर्षी बघू.

शून्याधारित
अरे देवा.

तीनपायी
रात्रपाळी, तो टेबलफॅन अजून आहे का? विकणार असाल तर कळवा.