एक्सटीचं रिकामं कॅबिनेट, तेही अर्धवट: घ्यावं की सोडावं?

सदाशिवकर (धागाकर्ता)
पुण्याच्या जुन्या बाजारात ओळखीच्या भंगारवाल्याकडे आयबीएम पीसी एक्सटी या जुन्या संगणकाचं, म्हणजे मॉडेल ५१६० चं, कॅबिनेट आलंय. अस्सल, क्लोन (दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल) नव्हे. खालचा सांगाडा, वरचं झाकण आणि झाकणाला जोडलेली पुढची चौकट शाबूत आहे. नाही ते असं: एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एका ड्राइव्हच्या जागेवरची झाकणपट्टी, मागच्या स्लॉटच्या (कार्डं बसवायच्या खाचांच्या) पट्ट्या, स्पीकर आणि पुढचा आयबीएमचा बिल्ला. बिल्ल्याच्या जागी नुसता चौकोनी खड्डा उरलाय. मागतोय सहा हजार.

माझ्याकडे चालू स्थितीतला क्लोन एक्सटी मदरबोर्ड आहे, ६४० केबी मेमरीचा, हर्क्युलिस डिस्प्ले कार्डासकट. प्लायच्या फळीवर उघडाच चालवतो. त्याला घर मिळेल.

माझं मत घ्यावं असंच आहे. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली ती १९९२ मध्ये टाटांसोबत परत आली. एक्सटी बाजारात आला मार्च १९८३ मध्ये, म्हणजे त्याचा सगळा भराचा काळ कंपनी इथे नव्हतीच. आपल्या ऑफिसांत आणि क्लासेसमध्ये जे 'एक्सटी' होते ते बहुतेक क्लोन. अस्सल कॅबिनेट इथे पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नाही. विरोधी मतं मोकळेपणाने मांडा.

कोथरूड_टेक
घेऊ नका. सहा हजार ही नुसती सुरुवात आहे. मूळ एसएमपीएस हवा असेल तर परदेशातून मागवावा लागेल. वजनदार डबा, त्यावर पोस्टेज, त्यावर कस्टम ड्यूटी. मग पूर्ण उंचीचा फ्लॉपी ड्राइव्ह. मग पट्टी, मग बिल्ला. दोन वर्षांनी हिशोब कराल तेव्हा तेवढ्या पैशात अख्खा चालू क्लोन आला असता, कीबोर्ड-मॉनिटरसकट.

दुसरं असं की आत क्लोन बोर्ड आणि बाहेर आयबीएमचं झाकण, याला म्हणायचं काय? तो आयबीएम एक्सटीही नाही आणि प्रामाणिक क्लोनही नाही.

ठाणे_आयसा
आधी ते खरंच एक्सटी आहे का ते बघा. मागे स्लॉटच्या खिडक्या मोजा. आठ असतील तर ५१६०, पाच असतील तर १९८१ चा मूळ पीसी, ५१५०. विकणारे दोन्हींना एक्सटीच म्हणतात. ५१५० मध्ये दोन स्लॉटमधलं अंतर एक इंच आहे, एक्सटीपासून पुढे ते साधारण ०.८ इंच झालं. पाच खिडक्यांचं निघालं तर तुमच्या बोर्डाची कार्डं मागच्या खिडक्यांशी जुळणारच नाहीत, विषय संपला.

सदाशिवकर
मोजल्या. आठ आहेत. मागे कीबोर्डचं गोल भोकही एकच आहे.

पत्रावाला_भोसरी
माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कोथरूडकरांचा हिशोब सगळे भाग मूळचेच हवेत असं धरून केलेला आहे. माझ्या मते किती भाग गेलेत याला फारसं महत्त्व नाही. कोणते गेले ते बघा. पत्र्याचं जे गेलं ते पत्र्यातून परत करता येतं. पुढची चौकट गेली असती तर मीच सांगितलं असतं की हात लावू नका. तिचे उतार, तिच्या कडा, रंगाचा तो बारीक दाणा घरगुती थ्रीडी प्रिंटरवर येत नाही, आणि चार नगांसाठी मोल्ड कोणी करून देणार नाही. तुमच्याकडे नेमकी तीच आहे.

आता एसएमपीएस. एक्सटीत तो नुसता वीज देणारा डबा नाही, मागच्या भिंतीचा एक भाग आहे. त्याची पाठ मागचं मोठं भोक झाकते आणि त्यातला पंखा हा अख्ख्या मशीनमधला एकमेव पंखा. लाल दांडीचं बटण उजव्या बाजूला मागे असतं आणि झाकणाला तिथे खाच असते. म्हणजे आजच्या पीसीचा साधा एटीएक्स एसएमपीएस आणून बसवला तर ना भोक झाकलं जातं ना बटण जागेवर येतं. पण त्या मापाचा पत्र्याचा डबा लेझर कटिंग आणि बेंडिंग करून कुठलाही भोसरीवाला देईल. आत नवा छोटा एसएमपीएस बसवायचा. मूळ पुरवठा १३० वॅटचा होता, तेवढं आजच्या लहानात लहान युनिटला सहज जमतं. मूळचा मिळाला असता तरी चाळीस वर्षांचे कपॅसिटर बदलल्याशिवाय मी तो लावू दिला नसता, त्यामुळे तो नसल्याचं मला फारसं दुःख नाही.

तिथे गेलात की एक गोष्ट बोटाने चाचपून बघा. तळाच्या पत्र्याला उजवीकडे वर उचललेल्या छोट्या जिभा असतात, एसएमपीएस त्यांत सरकवून अडकवतात. ओढून काढताना त्या वाकवलेल्या किंवा तोडलेल्या असतात. मोडल्या असतील तर किंमत निम्मी करा.

मिरज_जुनंसामान
मी वेगळ्या कारणासाठी विरोधात आहे. हे कॅबिनेट रिकामं झालं कसं? कोणीतरी अख्खं मशीन फोडलं. बोर्ड आणि कार्डं सोन्यासाठी गेली, ड्राइव्ह तांब्या-ॲल्युमिनियमच्या ढिगात गेले आणि जो पत्रा उरला तो 'अँटिक' म्हणून सहा हजारांना. लोखंडाच्या भावाने याचे काही शे रुपये व्हावेत. आपण सहा हजार मोजले की भंगारवाला हेच शिकतो की फोडायचं, आतलं वेगळं विकायचं आणि सांगाडाही वेगळा. पुढच्या वेळी अख्खं मशीन आलं तरी तो तेच करणार. मला हे मनापासून खुपतं.

पत्रावाला_भोसरी
खुपतं मलाही. पण तुम्ही नाही घेतलं तर ते जालन्याच्या भट्टीत जाईल आणि सळई होऊन बाहेर येईल. फोडलेलं मशीन काही परत जुळणार नाही.

मिरज_जुनंसामान
म्हणूनच म्हणतो, पैसे द्या पण भंगाराच्या वरचे थोडेच. आणि त्याला स्पष्ट सांगा की पुढचं मशीन न फोडता आणलंस तर याच्या तिप्पट देईन. फोन नंबर देऊन या. माझ्याकडचा एक टर्मिनल असाच अखंड आला.

एडिसन_एनजे
न्यू जर्सीत राहतो. इथे एक्सटी तुमच्यापेक्षा जास्त सापडतात, तरी मी घ्या म्हणेन. क्लोन बोर्ड टाकण्यावर आक्षेप मला पटला नाही. एक्सटीची मांडणी क्लोनवाल्यांनी जशीच्या तशी उचलली होती. पुढे बेबी एटी या लहान आकाराचे बोर्डही याच कॅबिनेटमध्ये बसावेत अशा बेताने आले. त्यामुळे हे कॅबिनेट आळीपाळीने किती तरी बोर्डांच्या कामी येईल.

स्लॉटच्या पट्ट्यांची चिंता नको, आजच्या पीसीच्या बहुधा चालतात. पण त्या लावल्याशिवाय झाकण बंद करून मशीन चालवू नका. मागची भोकं उघडी राहिली तर पंखा तिथूनच हवा ओढतो आणि कार्डांवरून वारा फिरत नाही.

उणे ५ व्होल्टचा प्रश्न येईल, कारण नव्या एसएमपीएसमधून ती लाइन गेली आहे. बोर्डावर ४१६४ जातीच्या मेमरी चिप असतील तर त्यांना ती लागत नाही. ४११६ ना लागायची. काही जुन्या कार्डांना मात्र लागते, तेवढं तपासा. आणि जोडणी करताना एसएमपीएसकडून बोर्डाला येणाऱ्या दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलट लावलं तर बोर्ड जातो.

बिल्ला मात्र नकली लावू नका. तो खड्डा तसाच राहू द्या. उद्या कोणी विकत घेताना आत काय आहे याबद्दल फसायला नको.

कोथरूड_टेक
बिल्ल्याबद्दल पूर्ण सहमत. बाकी माझं मत तेच. पत्रावाल्यांचा स्वतःचा कारखाना आहे, सदाशिवकरांना तेच काम बाहेरून करून घ्यावं लागेल. एका नगासाठी कटिंगवाला दारात उभं करत नाही, हेही लिहायला हवं होतं.

पत्रावाला_भोसरी
बरोबर आहे, एका नगाला नाही म्हणतात. माप आणा, दुसऱ्या कामाच्या शीटमध्ये बसवून काढून देतो.

सदाशिवकर
सगळ्यांचे आभार. तीन हजारांपासून बोली लावतो, चारच्या वर जाणार नाही. मिरजकरांचा निरोप त्याला शब्दशः सांगतो. रविवारी बोर्ड सोबत नेऊन भोकं जुळवून बघणार. जिभा तुटलेल्या असतील किंवा सांगाडा पिळलेला असेल तर रिकाम्या हाताने परत. आणि घेतलं तर नव्या भोकासाठी त्यावर ड्रिल चालणार नाही, एवढा शब्द देतो.

कोथरूड_टेक
जाणारच असाल तर झाकण पूर्ण पुढे ओढून काढा आणि परत बसवून बघा. सांगाडा पिळलेला आहे का ते तिथेच कळेल, मागचे स्क्रू पाचही भोकांत सरळ जातात का यावरून. स्क्रूड्रायव्हर विसरू नका.