चित्र काढताना लाइव्ह जायचंय, कॅमेरा कोणता घेऊ?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, मी पेन्सिल आणि जलरंगात काम करते, आता चित्र काढता काढता लाइव्ह जायचं मनात आहे. सध्या बऱ्यापैकी फोन, जुना लॅपटॉप आणि एक टेबल लॅम्प एवढंच आहे. ट्रायल घेतली तर कागद कधी पिवळट कधी निळसर दिसतो, हात मध्ये आला की फोकस जातो, वर बारीक पट्टे सरकत राहतात. चांगला कॅमेरा घेतला की सुटेल का हे सगळं? आणि माइक वेगळा लागेल का?

शाईदौत:
ताई, कॅमेरा आत्ता अजिबात घेऊ नका!! या तिन्ही तक्रारी महागड्या कॅमेऱ्यातही येतील, कारण सगळं ऑटोवर आहे. मॅन्युअल सेटिंग देणारं कॅमेरा ॲप टाका आणि फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ), व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसण्याची सेटिंग) तिन्ही कागदावर लॉक करून टाका. ऑटो एक्स्पोजर पांढऱ्या कागदाला करडा करतं, मग हात आत आला की सगळं उजळतं, बघणाऱ्याला तुमची हलकी शेड दिसणारच नाही. पट्टे दिव्याच्या फ्लिकरचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लुकलुकण्याचे आहेत, वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (एका फ्रेमला उजेड आत येण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६०.

खर्च करायचाच तर लाइटवर करा. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, ५००० ते ५६०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एलईडी पॅनल, उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून, म्हणजे हाताची सावली पेन्सिलीच्या टोकावर पडत नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी वरून मारू नका, गडद ग्राफाइट चकाकतं आणि जिथे सगळ्यात काळं आहे तिथेच पांढरं दिसतं, ओल्या जलरंगाचंही तेच. खिडकीला पडदा लावा, ढग आला की रंग बदलतो.

कोरा_कागद:
+१ लाइटला. एक भर घालतो, फोनचा आर्म चित्राच्या टेबलाला क्लॅम्प करू नका, खोडरबर चालवलं की अख्खी फ्रेम थरथरते. वेगळा स्टँड जमिनीवर.
माइक हवाच, लोक तासभर थोडं हललेलं चित्र बघतील पण घुमणारा आवाज नाही ऐकणार. कॉलर माइक बरा, कारण आपण कागदावर वाकतो, मागे होऊन बघतो, तरी तोंडापासूनचं अंतर तेवढंच राहतं.

बिटरेट:
जुना लॅपटॉप आहे तर ओबीएस (लाइव्ह जायचं सॉफ्टवेअर) वापरा, फुकट आहे, त्यात हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपला देणारा पर्याय) निवडा आणि ७२०पी रिझोल्यूशन, ३० एफपीएस (सेकंदाला फ्रेम), साधारण ३००० केबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा पाठवायचा) सुरू करा. चित्राला ६० एफपीएस लागत नाही. १०८०पी करायचं तर ४५०० ते ६००० धरा, ट्विच या लाइव्ह साइटवर ६००० च्या पुढे जाऊ नका. अपलोड स्पीड बिटरेटच्या दुप्पट तरी हवा, आणि वायफायपेक्षा लॅन केबल. फोन लॅपटॉपला यूएसबीनेच जोडा.

रेघोट्या:
खूप खूप आभार सगळ्यांचे, लाइट आणि कॉलर माइकच घेते मग. एकच राहिलं, स्टँड समोरच्या बाजूला ठेवला की चित्र उलटं येतं, फोन तिरका करू का?

कोरा_कागद:
तिरका नको हो, कागद एका बाजूला निमुळता दिसतो आणि तुमची प्रमाणं चुकल्यासारखी वाटतात. लेन्स कागदाला अगदी समांतर ठेवा, ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक, ट्रान्सफॉर्म, रोटेट १८० डिग्री.