चामडं पुठ्ठ्याला घट्ट चिकटेल असा, खिशाला परवडणारा गोंद कोणता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

वडिलांच्या हस्तलिखित वह्या मी स्वतःच्या हाताने बांधतो आहे. एकूण 8 वह्या. पुठ्ठा 3 मिमी, चामडं साधारण 1 मिमी. पहिली वही बांधून झाली आणि चार दिवसांत आत दुमडलेल्या कडा सुटल्या. चारही कोपरे तर पार उचकटले. फार जीव लावून केलेलं काम होतं, त्यामुळे वाईट वाटलं.

नेहमीचा पांढरा गोंद (पीव्हीए) ब्रशने फक्त पुठ्ठ्याला लावला होता. चामडं पसरून दाबलं आणि रात्रभर वजन ठेवलं. सुटलेली कड आणखी ओढून पाहिली, तर चामडं अलगद सोललं गेलं आणि गोंदाचा चकचकीत थर पुठ्ठ्यावरच राहिला. पकड पक्की असती तर पुठ्ठ्याचा पापुद्रा सोबत निघाला असता. मग उरलेल्या तुकड्याच्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाकला. बराच वेळ तो मोत्यासारखा तसाच उभा होता. म्हणजे चामड्यात तेल किंवा मेण आहे आणि पाण्यातला गोंद आत शिरतच नाही, असा माझा अंदाज.

मैद्याची खळ स्वस्त आहे, चामडं सरकवून नीट बसवायला वेळही देते, पण ती पाण्यातलीच. चपला-बुटांना वापरतात तो रबरी गोंद एका तुकड्यावर लावला, तो जबरदस्त धरतो. पण सगळ्या वह्यांना पुरवायचा तर खर्च वाढतो, वास डोक्यात जातो, आणि एकदा टेकलं की चामडं हलवता येत नाही. शिवाय असे गोंद वर्षांनी पिवळे पडतात, कागदावर डाग पाडतात. वडिलांच्या अक्षराजवळ तो नकोच वाटतो.

चामडं तेलकट असताना पांढऱ्या गोंदावर भागवता येईल का? की गोंदच बदलू?

---

प्रतिसाद:

तुमचं निदान बरोबर आहे. गोंद बदलण्याआधी चामडं तयार करा. खरखरीत बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ झटका, स्पिरिटच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. परत थेंब टाका. तो जिरला तर पांढरा गोंद चालेल. चामड्यालाही पातळ हात देऊन वाळवा, मग दुसरा हात देऊन चिकटवा.

कडा सुटण्याचं दुसरं कारण जाडी. दुमडीचा 15 मिमी पट्टा धारदार पात्याने तासून निम्मा पातळ करा. 1 मिमीचं चामडं कोपऱ्यात दुमडलं की स्प्रिंगसारखं उलटं उठतं, तिथे कुठलाच गोंद फार काळ टिकत नाही.

एवढं करूनही थेंब जिरला नाही, तर रबरी गोंद फक्त दुमडीपुरता वापरा. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. खिडक्या उघड्या, जवळपास आग नको. आणि पुठ्ठ्याच्या आतून कागद चिकटवायला विसरू नका, नाहीतर वाळताना चामडं पुठ्ठ्याला बाहेरच्या बाजूला ओढून बाक आणतं.

---

धागाकर्ता:

मनापासून आभार. तुकडा घासून, पुसून पाहिला: थेंब जिरला. नव्याने चिकटवलेली पट्टी एका दिवसाने ओढली तर पुठ्ठ्याचा पापुद्रा निघाला. आता पहिल्या वहीचं चामडं उतरवतो आहे. पुठ्ठ्यावरचा जुना चकचकीत थर घासून काढावा, की पुठ्ठाच नवा घ्यावा?