सेलिब्रिटी शाळेत येऊन मनाबद्दल बोलून जातात, त्यानंतर मुलांनी जायचं कुणाकडे?

निरभ्र (धागाकर्ता):
गेली दहा-बारा वर्षं मोठमोठी माणसं शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोलायला लागलीत. ब्रिटनच्या राजघराण्यातली केट 2013 पासून प्लेस-टू-बी या संस्थेच्या पाठीशी उभी आहे, त्या संस्थेने 2015 पासून मुलांच्या मानसिक आरोग्याचा खास आठवडा सुरू केला. आपल्याकडे दीपिका पदुकोणने 2015 मध्ये स्वतःच्या डिप्रेशनबद्दल सगळ्यांसमोर सांगितलं, फाउंडेशन काढलं, ते काम शाळांपर्यंतही गेलं. याला धाडस लागतं आणि त्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही.

पण पाहुणा 'मनात ठेवू नका, बोला, मदत मागा' असं सांगून जातो आणि दुसऱ्या दिवशी एखादं मूल खरंच धीर करून बोलायला उठतं, तेव्हा त्याच्यासमोर कोण असतं? डब्ल्यूएचओ म्हणते की जगात 10 ते 19 वयातल्या सातपैकी एकाला मानसिक आजार आहे. म्हणजे सातशे मुलांच्या शाळेत अंदाजे शंभर. शंभरातली दहा जरी बोलली तरी ऐकणार कोण? माझं मत स्पष्ट आहे, जिथे ऐकायला शिकलेला माणूस नेमलेला नाही तिथे असे कार्यक्रम घेऊच नयेत. आधी समुपदेशक, मग पाहुणा.

आठवीची आई:
असहमत, आणि जरा चिडूनच लिहितेय. तुम्ही म्हणता आधी समुपदेशक नेमा. कोण नेमणार आणि का नेमणार? मागणीच नसेल तर कुठली संस्था त्या पगाराची तरतूद करेल? आपण शाळेत होतो तेव्हा हा विषय काढायची सोय नव्हती, काढला तर 'नाटकं करू नकोस' हे ऐकायला मिळायचं. 2021 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्सने फायनलमधून माघार घेतली आणि मानसिक आरोग्याचं कारण स्पष्ट सांगितलं, त्यावर नंतर आमच्या घरी बोलणं झालं आणि त्या निमित्ताने माझ्या मुलीने स्वतःबद्दल जे सांगितलं ते मी एरवी दहा वेळा खोदून विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. तिला आधी कुणीतरी मोठं, जिंकणारं माणूस हे बोलताना दिसायला हवं होतं. त्याची किंमत शून्य धरू नका.

खडू-फळा:
मी शिक्षिका आहे, मत धागाकर्त्याच्या बाजूने. असा कार्यक्रम झाला की पुढचे दोन आठवडे मुलं माझ्याकडे येतात, कारण दुसरं कुणी नाहीच. मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या दारात, कधी वही तपासून घ्यायच्या निमित्ताने. एक सांगतं की घरी रोज भांडणं होतात, एक सांगतं झोपच लागत नाही, आणि एखादं असं काही सांगतं की माझे हातपाय गार पडतात. आणि लगेच म्हणतं, बाई कुणाला सांगू नका. मी काय करायचं? आईबाबांना सांगितलं तर ते परत कधी तोंड उघडणार नाही, नाही सांगितलं आणि काही झालं तर? मला गणित शिकवायचं ट्रेनिंग आहे, याचं नाही, आणि अर्ध्या दिवसाच्या वर्कशॉपने ते येत नाही हो. मुलांनी बोलू नये असं मला अजिबात वाटत नाही, पण त्यांनी इतकं धाडस करून माझ्यापाशी यावं आणि माझ्याकडे काही नसावं हे सहन होत नाही.

आकडेमोड:
दोन्ही बाजू भावनेवर चालल्यात म्हणून थोडं संशोधनाकडे वळूया. ब्रिटनमध्ये मिरियाड नावाची मोठी चाचणी झाली, 8,000 पेक्षा जास्त मुलं, शिक्षकांना ट्रेनिंग देऊन वर्गात माइंडफुलनेस (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) शिकवला, 2022 मध्ये निकाल आले आणि शाळेत नेहमी जे शिकवतात त्यापेक्षा काहीही जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. ज्यांना आधीच त्रास होता त्यांच्यात तर थोडं उलट झाल्याच्या खुणा होत्या. म्हणजे सरसकट सगळ्या वर्गाला 'मनाकडे लक्ष द्या' सांगणं निरुपद्रवी असतंच असं नाही.

पण लगेच सगळं बंद करा म्हणू नका. युरोपातल्या 10 देशांत 168 शाळा आणि 11,000 च्या वर मुलं घेऊन सेले नावाचा अभ्यास झाला, 2015 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात तीन उपाय तपासले. एकात शिक्षकांना ट्रेनिंग, एकात प्रश्नावली भरून घेऊन धोक्यातली मुलं हुडकणं, आणि तिसऱ्यात मुलांनी स्वतः रोल-प्ले करायचे, अडचणीचे प्रसंग आपसात बोलायचे, चार आठवड्यांत सगळे मिळून पाचेक तास. वर्षभराने बघितलं तर फक्त तिसऱ्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा निम्म्यावर आलं होतं. नुसत्या शिक्षक-ट्रेनिंगने ठोस फरक पडला नाही, तेव्हा खडू-फळा, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की कार्यक्रम हवा की नको हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठला कार्यक्रम ते विचारा. स्टेजवरचं भाषण यातल्या कशातच बसत नाही.

रानवारा:
भाषणाने काही होत नाही हे पटलं नाही. ब्रिटनमधली टीव्ही स्टार जेड गुडी 2009 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, तिच्या आजाराची बातमी सगळीकडे होती त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये जवळजवळ पाच लाख जास्तीच्या बायका तपासणीला गेल्या. पाच लाख! कुठल्या सरकारी जाहिरातीने हे केलं असतं? प्रसिद्ध माणसाची ताकद कमी लेखू नका.

निरभ्र:
रानवारा, उदाहरण भारी आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. त्या बायका गेल्या कुठे? तपासणीची यंत्रणा आधीपासून उभी होती, नर्स होती, अपॉइंटमेंटची पत्रं घरी यायची. हाक ऐकली आणि जायला जागा होती म्हणून आकडा दिसला. नंतर तो परत खाली आला, पण यंत्रणा तिथेच राहिली. केटच्या बाबतीतही तेच बघा, प्लेस-टू-बी 1994 पासून शाळेतच समुपदेशक बसवते, मुलं स्वतःहून वेळ मागू शकतात. तिने आपलं नाव दिलं ते आधीपासून चालू असलेल्या कामाला.

आणि आठवीची आई, तुमच्या बोलण्याचा सूर असा की मोठ्या नावांशिवाय काही हलत नाही, त्याबद्दल. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग हवं. ते कुठल्या स्टारमुळे झालं नाही. मुलगी गमावलेल्या एका बापाने कोर्टाची पायरी चढली म्हणून झालं.

आठवीची आई:
ते वाचून पोटात तुटतं, आणि त्या बापापुढे कुणीच मोठं नाही, मान्य. पण आता तो आदेश माझ्या मुलीच्या शाळेत पाळला जातोय का हे विचारणार कोण? पीटीएममध्ये मी विचारलं तर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर मिळतं. तोच प्रश्न दीपिकाने स्टेजवरून, माइकवर, सगळ्या पालकांसमोर विचारला की 'समुपदेशकाची खोली कुठे आहे, मला दाखवा' तर? मला मोठी माणसं त्यासाठी हवीत.

आणि तुमची अट मला अजूनही क्रूर वाटते. ज्या शाळेत कुणीच नाही तिथली मुलं सगळ्यात एकटी, आणि पाहुणा पण तिथेच जाऊ नये? निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फळ्यावर लिहून तरी जाईल, दिवसरात्र चालू आहे, पैसे लागत नाहीत.

आकडेमोड:
हे माइकवर विचारायचं आवडलं. फक्त समुपदेशक म्हणून कुणाला बसवलंय तेही विचारावं, पीटीच्या सरांच्या नावापुढे ते पद लिहून कागद पूर्ण करतील.

खडू-फळा:
14416 मी लिहिलाय, वर्गात मागच्या भिंतीवर. पण आमच्याकडे शाळेत मोबाईल आणायला बंदी आणि घरी बऱ्याच मुलांचा स्वतःचा फोन नाही, फोन आईबाबांचा, लावायचा तर त्यांच्यासमोर. म्हणून ऑफिसचा फोन मधल्या सुट्टीत मुलांना दार लावून वापरता यावा, कुणाला करतोय ते कुणी विचारू नये, असा अर्ज मुख्याध्यापकांना दिलाय. अजून उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या शाळेत अशी सोय केली असेल तर कशी केली ते नक्की लिहा, मला अर्जाला जोडता येईल.