गाडी माझ्या नावावर झाली, पण ॲप अजून जुन्या मालकांच्या फोनवर. आता काय करायचं?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दवाखाना नाही, घरोघरी जाऊन पेशंट बघते. पक्षाघात झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, अंथरुणाला खिळलेले. राजारामपुरी, कसबा बावडा, फुलेवाडी, आठवड्यातून दोनदा कागल, अशी दिवसाला सहा-सात घरं होतात. इतकी वर्षं स्कूटरवर केलं, पण आता पाठ साथ देईना, म्हणून दिवाळीनंतर तीन वर्षं जुनी एक एसयूव्ही घेतली, पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विमा, फास्टॅग, सगळं रीतसर झालं. आरसीवर माझं नाव आलं.

परवा रात्री सव्वाअकरा वाजता फोन आला. जुने मालक होते. पुण्यातले निवृत्त गृहस्थ आहेत, दुसऱ्या किल्लीसाठी एकदा बोलणं झालं होतं, तेव्हापासून त्यांच्याकडे माझा नंबर आहे. "मॅडम, तुमच्या गाडीची डिकी नीट लागलेली दिसत नाही. बॅटरी उतरेल म्हणून इतक्या उशिरा फोन केला." मी खाली जाऊन पाहिलं तर खरंच डिकी अर्धवट लागली होती आणि आतला दिवा चालू होता. त्यांचे आभार मानले, डिकी लावली आणि जिना चढताना अर्ध्यावरच पाय थांबले. कोल्हापुरात माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीची डिकी पुण्यातल्या माणसाला कशी दिसली?

सकाळी मीच त्यांना फोन केला. ते फार ओशाळले. गाडी विकली तरी कंपनीचं ॲप त्यांच्या फोनवर तसंच राहिलं होतं. सूचना यायच्या, ते बाजूला सारायचे. मी विनंती केल्यावर त्यांनी ॲपचे स्क्रीनशॉट पाठवले. गाडी या क्षणी कुठे उभी आहे ते नकाशावर. रोजची प्रत्येक फेरी: कधी निघाली, कधी पोचली, किती किलोमीटर, किती वेळा जोरात ब्रेक दाबला. खाली दारं उघडण्याचं आणि बंद करण्याचं बटण. असे सात आठवडे.

माझ्या पेशंटमध्ये एक घर असं आहे, की त्यांच्याकडे फिजिओ येते हे शेजारी कळू नये अशी त्यांची फार इच्छा आहे. काय झालंय ते मी इथेही लिहिणार नाही. त्यांना दिलेल्या शब्दासाठी मी गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावते आणि पिशवी घेऊन चालत जाते. त्या स्क्रीनशॉटवर ती गल्ली आहे. आठवड्यातून तीनदा, साडेचार वाजता, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. त्या भागातला कुणीही हे पाहून उरलेलं जोडू शकेल.

जुने मालक सज्जन आहेत म्हणून हे कळलं तरी. ते तसे नसते तर? डीलर म्हणतो, कंपनीकडे जा. शोरूमवाले म्हणतात, जुन्या मालकांना घेऊन या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी पुण्याहून कशी आणू? आणि त्यांच्या फोनवरून काढलं तरी या सात आठवड्यांच्या नोंदी कुठेतरी राहणारच ना? त्या आणखी कोण बघू शकतं?

सर्व्हिसबे (सातारा)

ताई, मी नऊ वर्षं कंपनीच्या वर्कशॉपला होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे. जुन्या मालकांना यायची गरज पडू नये. बहुतेक गाड्यांत ते स्वतःच्या ॲपमधूनच 'गाडी काढून टाका' करू शकतात. आधी ते करून घ्या आणि गाडी दिसत नाही असा स्क्रीनशॉट मागा. त्यांनी घरच्या आणखी कुणाला ॲपमध्ये जोडलं असेल तर तेही विचारा. मूळ मालक निघाला की बाकीचे निघतातच असं धरून चालू नका.

मग तुमच्या नावाची आरसी, ओळखपत्र आणि चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. शोरूमच्या सेल्सवाल्यांकडे नको, त्यांना यातलं फारसं माहीत नसतं. गाडीत एक सिम असतं, छपरावरच्या त्या माशाच्या परासारख्या अँटेनातून ते बोलत असतं. त्या सिमची केवायसी तुमच्या नावावर करून मागा.

लोक इथे एक चूक करतात. स्क्रीनवर जाऊन 'फॅक्टरी रीसेट' करतात आणि झालं समजतात. त्याने गाडीतली माहिती पुसते: फोनबुक, कॉल, जुने पत्ते. कंपनीच्या सर्व्हरवर गाडी कुणाच्या खात्याला जोडली आहे ते त्याने बदलत नाही. दोन्ही वेगवेगळं करावं लागतं.

कुणी हे सिम असलेल्या डब्याचा फ्यूज काढायला सांगेल. काढू नका. त्याच डब्यावर एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण चालतं, आणि ज्या गाड्यांत अपघातात एअरबॅग उघडल्यावर आपोआप फोन जातो तोही तिथूनच जातो. तुम्ही कागल रस्त्याला एकट्या जाता.

पंचगंगाकाठ

दादा, मनापासून आभार. तुमचं वाचून आत्ताच गाडीत जाऊन पाहिलं. स्क्रीनमध्ये त्यांचं सगळं फोनबुक आहे. 'घर' म्हणून त्यांचा पत्ता, मुलीचा पत्ता, एका हॉस्पिटलचा पत्ता. शेवटच्या कॉलची यादी. म्हणजे सात आठवडे त्यांचंही माझ्या हातात होतं. मी कधी उघडलं नव्हतं, पण गाडी धुवायला दिली होती दोनदा. त्यांना फोन करून सांगितलं आणि त्यांच्या देखत, व्हिडिओ कॉलवर, रीसेट केलं.

घाटरस्ता (भुदरगड)

मॅडम, काळजी समजतो, पण ॲप वाईट म्हणून बंद करू नका. माझ्या चुलतभावाची गाडी लग्नाच्या हॉलबाहेरून चोरीला गेली, दोन तासांत ॲपवरच्या नकाशावरून सापडली. ती त्याची पंधरा वर्षांची कमाई होती. आपण काही गुन्हा करत नाही, तर कुणी पाहिलं म्हणून काय बिघडतं?

पंचगंगाकाठ

भाऊंची गाडी मिळाली याचा खरंच आनंद आहे, आणि मलाही ती सोय हवी आहे. पण माझ्या फेऱ्या माझ्या एकटीच्या नाहीत. प्रत्येक टिंबाखाली कुणाचं तरी आजारपण आहे. त्यांनी मला घरात घेतलं, गाडीच्या कंपनीला नाही.

मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ)

मी मूळचा इचलकरंजीचा. इथे वाहन उद्योगातच आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो: आणखी कोण बघतं?

अमेरिकेत हे मार्च २०२४ मध्ये उघड झालं. जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या ऑनस्टार सेवेचा 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाचा एक भाग होता. गाडी नीट चालवायला मदत, असं त्याचं रूप. त्यातून जमलेली माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या, लोकांची माहिती जमवून तिचे अहवाल विकणाऱ्या कंपन्यांकडे जात होती आणि तिथून विमा कंपन्यांकडे. न्यूयॉर्क टाइम्सने सिएटलजवळच्या एका गाडीमालकाची हकीकत छापली. त्याने लेक्सिसनेक्सिसकडून स्वतःबद्दलचा अहवाल मागवला तेव्हा शंभराहून अधिक पानं फक्त त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या फेऱ्यांची निघाली. निघाल्याची वेळ, अंतर, कचकन ब्रेक, जोरात पिकअप. ठिकाण सोडलं तर तुमच्या स्क्रीनशॉटवर जे आहे तेच. त्याचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. बातमी आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने ही देवाणघेवाण थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई जाहीर केली, तेव्हा कळलं की काही वेळा दर तीन सेकंदांनी ठिकाणाची नोंद होत होती. अशी माहिती पाच वर्षं लेक्सिसनेक्सिससारख्या ग्राहक-अहवाल कंपन्यांना द्यायची नाही, असं त्या आदेशात होतं.

इथे कायद्याने असा अहवाल फुकट मागता येतो. मीही माझा मागवला. त्यात फेऱ्या नव्हत्या, पण पाकीट फोडताना हात थरथरत होते हे खरं.

आणि कुणी विकत नसलं तरी सांडतं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर उघडी पडलेली आढळली. त्यातल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांची ठिकाणंही त्यात होती. केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकर मंडळींच्या संघटनेने ते कंपनीला कळवलं. हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही त्यात होत्या. टोयोटाने २०२३ मध्ये कबूल केलं, की जपानमधल्या २१ लाखांहून अधिक ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळजवळ दहा वर्षं क्लाउडवर उघडी होती. म्हणून माझं मत असं, की परवानगी मागून भागत नाही. जी नोंद गरजेची नाही ती होऊच द्यायची नाही. ॲपमध्ये आणि गाडीच्या स्क्रीनवर फेऱ्यांचा इतिहास, ड्रायव्हिंग स्कोअर असं काही असेल तर ते बंद करा. गाडी शोधण्याची सोय वेगळी असेल तर तेवढी ठेवा.

एकसून

माझं खातं जुनं आहे, पण आज पहिल्यांदाच लिहिते आहे. आमची गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. ॲप नवऱ्याच्या फोनवर आहे. त्याने नकाशावर एक गोल आखून ठेवला आहे. ऑफिस, शाळा, घर. त्याबाहेर गाडी गेली की त्याला सूचना जाते. मागच्या महिन्यात आईकडे गेले तर मी पोचायच्या आत तिला फोन आला होता. पंचगंगाकाठ ताई, तुमची जिन्यावरची ओळ वाचून मला रडू आलं.

मिशिगनकर

ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये नेमका यासाठी कायदा केला. घरातल्या छळातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीने कागदपत्रांसह मागणी केली, की गाडीच्या कंपनीने दोन कामाच्या दिवसांत दुसऱ्याचा ॲपवरचा ताबा तोडायचा. भारतात असा कायदा माझ्या पाहण्यात नाही, पण आरसी तुमच्या नावावर आहे हा मोठा आधार आहे.

सर्व्हिसबे

एकसून ताई, एक सांगतो, घाई करू नका. मालक म्हणून तुम्ही खातं स्वतःकडे घेऊ शकता, पण त्या क्षणी त्याच्या फोनवरची गाडी गायब होईल आणि ते त्याला कळेल. आधी माहेरी किंवा विश्वासाच्या कुणाशी बोला. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तोवर जिथे जायचं ते कळायला नको असेल, तिथे गाडी नेऊ नका आणि तिच्या स्क्रीनला तुमचा फोन जोडू नका.

वकीलबाई (छत्रपती संभाजीनगर)

कायद्याचं थोडक्यात, कारण खोटी आशा दाखवायची नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता येणं, माहिती खोडून मागणं, हे हक्क त्यात आहेत. पण ही कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. तोवर २०११ चे जुने नियम. त्यांत 'संवेदनशील' माहितीच्या व्याख्येत पासवर्ड आहे, बँक खातं आहे, आरोग्य आहे. माणूस कुठे गेला हे नाही. ही त्रुटी मला वकील म्हणून फार खटकते, कारण तुमच्या बाबतीत तर ठिकाण हेच आरोग्य आहे.

तरीही दोन गोष्टी आज करता येतात. त्या जुन्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव वेबसाइटवर द्यायचं असतं आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. त्याला लेखी पाठवा: आरसीची प्रत, हस्तांतराची तारीख, आणि 'या तारखेनंतरच्या फेऱ्यांच्या नोंदी कुणाकुणाला दिसल्या ते कळवा आणि त्या खोडा' अशी मागणी. फोनवर बोलू नका. दुसरं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांना सांगते: टोकन देण्याआधी डीलरकडून ॲपचं हस्तांतर लिहून घ्या. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्याला चौदा दिवसांत आरटीओला कळवायची मुदत आहे, राज्याबाहेर असेल तर पंचेचाळीस. फॉर्म २९ मध्ये चासी नंबरही लिहितात, पण त्या नंबराला कुणाचा फोन जोडला आहे हे तिथे कुणी विचारत नाही.

पंचगंगाकाठ

बारा दिवसांनी लिहिते आहे. जुन्या मालकांनी त्याच दिवशी गाडी काढली आणि स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या सुनेच्या फोनवरही ॲप होतं, सर्व्हिसबे दादांनी लिहिलं म्हणून विचारलं, नाहीतर राहिलंच असतं. केवायसी माझ्या नावावर झाली. फेऱ्यांचा इतिहास बंद केला, चोरीची सूचना चालू ठेवली.

तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, वकीलबाईंनी सांगितलेल्या शब्दांत. नवव्या दिवशी उत्तर आलं: 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे.' मी रोज सकाळी आधी मेल उघडते.

त्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. सांगायला जीभ उचलत नव्हती. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "उद्या येणार ना?" गेले. आता तिथे रिक्षाने जाते.

एकसून ताई, तुम्हाला मेसेज केला आहे. सवडीने बघा.

आणि जुन्या फेऱ्या खोडल्याचं कंपनीकडून लेखी मिळालेलं इथे कुणी असेल, तर त्या पत्रातले शब्द कृपया मला सांगा. माझ्या पुढच्या मेलमध्ये घालीन.