मदत हवी आहे: पॉलिअ‍ॅनिलीनचं हायड्रोजेल तिसऱ्या दिवशी पापड होतंय

नमस्कार मंडळी, एमएस्सी सेकंड इयरला आहे, पुण्यात. प्रोजेक्ट म्हणजे मनगटावर पट्ट्यासारखा वाकणारा सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारं, वीज साठवणारं साधन), त्यात पॉलिअ‍ॅनिलीनचं, म्हणजे वीज वाहणाऱ्या पॉलिमरचं, पाणी धरून ठेवणारं जेल. अ‍ॅनिलीन, फायटिक अ‍ॅसिड (हो तेच, कोंड्यात नि डाळींत असतं ते) आणि अमोनियम परसल्फेट थंड करून मिसळलं की काही मिनिटांत हिरवंकाळं जेल धरतं, २०१२ च्या स्टॅनफर्डच्या पेपरमधली रीत. पहिल्यांदा धरलं तेव्हा बीकर उलटा करून अख्ख्या लॅबला दाखवत फिरले होते. हे कार्बन क्लॉथच्या (कार्बनच्या धाग्यांचं कापड) दोन तुकड्यांवर, मध्ये पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल)-सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं जेल, ०.८ व्होल्टच्या वर चार्ज करत नाही.

पहिल्या दिवशी पेनाला गुंडाळून पण मस्त चालतं. तिसऱ्या दिवशी कडा वर वळलेल्या, कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) निम्म्याच्या खाली. लॅबला एसी नाही, एप्रिलची दुपार, ३८-३९ डिग्री आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतायत तिथे जेलचं काय होणार! मधल्या जेलमध्ये ग्लिसरॉल घातलं तर मऊ राहिलं पण रेझिस्टन्स वाढला, घट्ट पातळात आयन रखडणारच म्हणा. गाईड म्हणतात सील कर, पण पॅराफिल्म (लॅबमधली ताणून चिकटवायची मेणचट फिल्म) वाकवली की कडेला सुटते. ग्लिसरॉल किती घालता तुम्ही? की सुकणं हे कारणच नाही, पॉलिअ‍ॅनिलीन चार्ज-डिस्चार्जला फुगतं-आकसतं म्हणून कापडावरून सुटतंय?

प्रतिसाद: ग्लिसरॉल तूर्त बाजूला ठेवा. एक पट्टी सपाट ठेवा, एक वाकवत राहा, दोन्हीचं रोज वजन करा. मेल्या की सौम्य सल्फ्युरिकचे दोन-चार थेंब सोडून तासाभराने परत मोजा. जिवंत झाली तर पाणी गेलं होतं, नाही झाली तर जेल सुटलंय. आणि जेल धरल्यावर नीट धुता ना? उरलेलं परसल्फेट आत राहिलं तर पॉलिअ‍ॅनिलीनला खात बसतं.

धागाकर्ती: धुवायचे, पण घाईत एकदाच, ते चुकलंच. बाकी सांगितलं तसं केलं. सपाट पट्टी थेंब टाकल्यावर जवळपास पूर्ण परत आली, वाकवलेली नाही आली, उघडली तर काळे पोपडे चिमट्याला चिकटून आले आणि खाली कापड कोरंकरकरीत. म्हणजे दोन रोग एकदम. सुकण्याचं मी बघते, आता कापडाचं सांगा, जेल धरायच्या आधी कार्बन क्लॉथ कोणी नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये ठेवून घेतं का? माझ्या कापडावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो.