ओव्हनशिवाय मोयेते जमेल का? राजमा, पाव आणि चीज यांविषयी प्रश्न

मालवी मिरची (इंदूर)

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुले शिकवणीहून परततात, तेव्हा त्यांना पोहे नको असतात आणि रात्रीच्या जेवणाला अजून दोन तास अवकाश असतो. या वेळेसाठी मेक्सिकोतला मोयेते हा पदार्थ करून पाहावा असे मनात आहे. पाव उभा चिरून त्याच्या दोन्ही अर्धांवर घोटलेला राजमा पसरायचा, वर चीज घालून ते वितळवायचे आणि शेवटी टोमॅटो-कांद्याची ताजी कोशिंबीर घालून तो उघडाच खायचा, एवढे मला ठाऊक आहे. शंका मात्र बऱ्याच आहेत.

आमच्याकडे ओव्हन नाही. बिडाचा तवा आणि झाकणे आहेत. राजमा सियागंजातून आणते, तिथे लाल, काश्मिरी आणि चित्रा असे तीन प्रकार सहज मिळतात. त्यांपैकी कोणता घ्यावा? रोजचा लादीपाव चालेल का? आणि सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे काही करता येईल का? प्रत्यक्ष संध्याकाळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, ही मुख्य अट आहे.

खरपूस

मिरचीताई, तुमच्या सगळ्या शंकांचे मूळ पाण्यात आहे. राजम्यातले पाणी, टोमॅटोतले पाणी आणि झाकणाखाली साचणारी वाफ या तिन्हींचा बंदोबस्त झाला, तर तव्यावरचे मोयेते ओव्हनमधल्यापेक्षा तसूभरही कमी होत नाही. तो झाला नाही, तर उत्तम चीज आणूनही हातात ओला पाव येतो.

राजमा चित्राच घ्यावा. मेक्सिकोच्या उत्तर भागात या पदार्थासाठी पिंटो नावाचा ठिपक्यांचा घेवडा वापरतात आणि आपला चित्रा त्याच्या अगदी जवळचा आहे: साल पातळ, आतला गर पिठूळ. लाल राजम्याची साल जाड असल्यामुळे तो घोटल्यावरही सालपटे जिभेला लागत राहतात. साताऱ्याकडे कोणी नातेवाईक असतील, तर कोरेगाव भागातला वाघ्या घेवडाही उत्तम लागतो. हे सगळे एकाच जातीचे कडधान्य असून त्याचे मूळ घर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका हेच आहे, त्यामुळे इथे आपण तडजोड करतो आहोत असे मुळीच वाटून घेऊ नये. मेक्सिकोच्या दक्षिणेकडे काळा घेवडा वापरतात. तो मिळाला नाही म्हणून अख्खे उडीद मात्र घेऊ नयेत, कारण उडदाचा बुळबुळीतपणा या पदार्थाला मारक आहे.

राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, ताजे पाणी घालून कुकरमध्ये शिजवावा आणि दाणा दोन बोटांत सहज चिरडतो आहे याची खात्री करावी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते. त्याने उलट्या आणि पोटदुखी होते. किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावरच ते निष्प्रभ होते, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पाणी उकळीपर्यंत पोहोचत नसल्याने धोका उलट वाढतो. आपल्या कुकरमध्ये ही चिंता नाही.

शिजलेला राजमा उपसून घ्यावा आणि त्याचे पाणी वेगळे ठेवावे. दोन वाट्या शिजलेल्या राजम्याला दोन मोठे चमचे तेल पुरते. मेक्सिकोत परंपरेने डुकराची चरबी वापरतात, आपल्या माळव्यात घरोघरी असलेले सोयाबीन तेल इथे चांगले, कारण त्याला स्वतःची चव फारशी नाही. साजूक तुपाने पदार्थ रुचकर होतो, पण राजमा-चावलाच्या वाटेने निघतो. तेलात बारीक चिरलेला कांदा मऊ करावा, मग लसूण, अर्धा चमचा जिऱ्याची पूड, मीठ आणि राजमा घालून पावभाजीच्या मॅशरने कढईतच घोटावा. मिक्सरमध्ये फिरवू नये. त्याने एकजीव पेज होते आणि दाण्याचा पोत हरवतो.

यानंतरचा भाग घाईचा नाही. राखून ठेवलेले पाणी थोडे थोडे घालत मिश्रण मंद आचेवर परतत राहावे. आधी ते वरणासारखे सैल दिसते, मग बुडबुडे जड होऊन फुटू लागतात आणि शेवटी उलथणे कढईच्या तळावरून ओढल्यावर मागे रेघ उरते व ती लगेच बुजत नाही. तिथेच गॅस बंद करावा, कारण गार झाल्यावर मिश्रण आणखी घट्ट होते. हे सारे सकाळी किंवा आदल्या दिवशी उरकले, की संध्याकाळची तुमची पंधरा मिनिटे पुरून उरतात.

कडक पाव

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझे म्हणणे फक्त पावापुरते आहे. मेक्सिकोत यासाठी बोलियो नावाचा पाव घेतात. तो दोन्ही टोकांना निमुळता असतो, त्याचे कवच कुरकुरीत, आतला भाग हलका आणि चव गोड नसते. तेलेरा हा थोडा चपटा पावही चालतो. आपला लादीपाव या दोहोंपेक्षा मऊ आणि किंचित गोडसर आहे, म्हणून बेकरीत गार्लिक ब्रेडसाठी जो लांबट, कडक सालीचा लोफ मिळतो तो आणावा. मस्का बन किंवा बर्गरचा बन अजिबात घेऊ नये.

लादीपावच हाताशी असेल, तर तो आदल्या दिवशीचा घ्यावा, चिरून अर्धा तास उघडा ठेवावा आणि मग शेकावा. कोणताही पाव घेतला, तरी चिरलेल्या बाजूचा मऊ गाभा बोटांनी थोडासा काढून खोलगट जागा करावी. राजमा त्या जागेत बसतो आणि घास घेताना बाहेर घरंगळत नाही. कापलेल्या बाजूला लोणी लावून ती बाजू तव्यावर पालथी घालावी आणि कडा बदामी होईपर्यंत हलवू नये. लोणी चवीपुरते नसते, राजम्याचा ओलावा पावात उतरू न देणारा थर त्यानेच तयार होतो. काढलेला गाभा वाळवून कटलेटसाठी ठेवता येतो, हे सांगायला नकोच.

छप्पनवाला

हे सर्व वाचून भूक चाळवली, पण इंदूरच्या घरात तयार झालेल्या पदार्थावर शेव पडणार नाही आणि वरून जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, भुरभुरणार नाही, हे मला संभवनीय वाटत नाही. राजम्याच्या मऊपणाला बारीक शेवेचा कुरकुरीतपणा शोभून दिसेल असे माझे नम्र मत आहे.

खरपूस

शेवेला माझा विरोध नाही, फक्त ती खाण्याच्या क्षणी घालावी. जिरावणाविषयी मात्र मी ठाम आहे. त्यातले काळे मीठ, आमचूर आणि हिंग यांनी लिंबू व कोथिंबीर दोन्ही झाकली जातात आणि आपण पोह्यांच्या गाडीवर परत येतो. ज्यांना ते आवडते त्यांनी अवश्य घालावे, त्या पदार्थाला मोयेते म्हणू नये एवढेच.

दुधावरची साय

चीजविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मेक्सिकोतले ओआहाका चीज हे मोझरेलाप्रमाणेच गरम पाण्यात ताणून केलेले असते आणि म्हणून त्याला तारा सुटतात. आपल्याकडे मोझरेला हाच त्याचा जवळचा पर्याय आहे. क्यूबच्या प्रोसेस्ड चीजमध्ये मिसळलेल्या क्षारांमुळे ते मऊ होते, पण तारा येत नाहीत, आणि ते खारटही असते. मी तीन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड चीज किसून एकत्र करते, आणि राजम्यात मीठ त्या मानाने कमी घालते. पनीर वितळत नाही, तेव्हा त्याचा विचार सोडून द्यावा.

आता तव्याची युक्ती. पाव शेकून झाला, की गॅस अगदी मंद करावा, तव्यावर पापड भाजायची जाळी ठेवावी आणि राजमा व चीज लावलेले अर्ध जाळीवर मांडून वर खोलगट झाकण ठेवावे. जाळीमुळे पावाचा तळ करपत नाही. झाकण आधी दुसऱ्या शेगडीवर तापवून घेतले, तर वरूनही उष्णता मिळते आणि चीज तीन-चार मिनिटांत वितळते. काही जण तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून वाफ करतात. चीज त्याने लवकर वितळते खरे, पण कुरकुरीत केलेला पाव त्याच वाफेने मऊ पडतो. राजमा लावताना तो गरम असला पाहिजे, थंडगार राजम्यावर चीज वितळायला फार वेळ लागतो.

तिथल्या पद्धतीने चीजला डाग पडलेले हवे असतील, तर घरात गॅसचा तंदूर किंवा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) लागेल. मुलांना त्याची उणीव भासणार नाही.

मालवी मिरची

सर्वांचे मनापासून आभार. चित्रा राजमा भिजत घातला आहे आणि जाळीही शोधून ठेवली आहे. कोशिंबिरीचे आणि सासूबाईंच्या पथ्याचे तेवढे राहिले. शिवाय राजमा एकदम जास्त करून ठेवला तर किती दिवस टिकेल?

खरपूस

कोशिंबिरीला तिकडे पिको दे गायो म्हणतात. टोमॅटो कडक घ्यावेत, चार भाग करून बिया आणि रस काढून टाकावा व गर बारीक चिरावा. त्यात कांदा, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर आणि लिंबू घालावे. मीठ वाढण्यापूर्वी घालावे आणि मिश्रण पाच मिनिटे गाळणीत ठेवून निथळू द्यावे. मोयेते तव्यावरून उतरल्यावरच ती वर घालायची. गरम चीज आणि गार, आंबट टोमॅटो एकाच घासात आले पाहिजेत.

सासूबाईंसाठी कोशिंबिरीत कांद्याऐवजी मुळा बारीक चिरून घालावा. मेक्सिकोत मुळ्याचे काप अनेक पदार्थांवर घालतात, त्यामुळे तो परका वाटत नाही आणि कांद्याचा तिखट करकरीतपणाही थोडाफार मिळतो. राजम्याला त्यांच्या वाट्यापुरती जिरे आणि चिमूटभर हिंगाची फोडणी द्यावी. मेक्सिकोत हिंग नाही, पण इथे प्रश्न पथ्याचा आणि पचनाचा आहे. सर्वांसाठी एकच कढई ठेवायची असेल, तर राजमा कांदा-लसणाशिवायच करावा आणि इतरांच्या कोशिंबिरीत कांदा सढळ हाताने घालावा. चवीत फार फरक पडत नाही.

एक वाटी कोरडा राजमा शिजून साधारण अडीच वाट्या होतो आणि घोटल्यावर आठ-दहा अर्धांना पुरतो. फ्रीजमध्ये तो तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असल्यास एका वेळेला लागेल तेवढाच भाग पिशवीत चपटा करून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे लवकर सुटतो. सकाळी तो खाली फ्रीजमध्ये काढावा आणि संध्याकाळी कढईत दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा रेघ उरेपर्यंत परतावा.